टू-टूला खेळणं म्हणायचं नाही

"सावकाश रे बाबा, वरची दुर्बीण जिन्याला लागेल," एलवुड म्हणाला. "नेम बसवायला दोन सीझन गेलेत माझे."

त्याचा जावई ब्रेंट हरणाच्या शिकारीची रायफल ब्लँकेटात गुंडाळून तळघरातून वर नेत होता. त्याआधी दोन शॉटगन आणि एक जाडजूड रिव्हॉल्व्हर वर गेलं होतं. मी वॉशिंग मशीनशेजारी बादली पालथी घालून बसलो होतो. मला काही काम नव्हतं. एलवुडच्या मुलीनं, मेलनीनं, फोन करून बोलावलं होतं. "नॉर्म, तुम्ही नुसते येऊन बसा. तुम्ही असलात की डॅड ओरडत नाही." मी गावातला न्हावी. माझ्यासमोर लोक ओरडत नाहीत हे खरं, पण त्याचं कारण माझ्या हातातला वस्तरा असतो. त्या शनिवारी माझ्या हातात कॉफीचा कप होता.

एलवुड ओरडला नाहीच. बंदुकांच्या कपाटासमोर लाकडी खुर्चीवर बसून, आपल्या घरातलं सामान कुणीतरी दुसऱ्या गावी हलवतंय आणि आपण शेजारी आहोत, अशा चेहऱ्यानं तो बघत होता.

एलवुड हेप्लरनं एकतीस वर्षं शाळेच्या पिवळ्या बस दुरुस्त केल्या. नऊ वर्षांपूर्वी निवृत्त झाला. सहा वर्षांपूर्वी बायको गेली. यापलीकडे त्याच्याविषयी सांगण्यासारखं काही घडलं नव्हतं. मग या जानेवारीत, एका रविवारी सकाळी, तो गाडी काढून थेट जुन्या गॅरेजवर गेला. फाटकाची किल्ली अजून त्याच्याकडेच होती, ही शाळेची चूक. चौकीदाराला तो एका बसचं बॉनेट उघडून आत डोकं घातलेला सापडला. मुलं थंडीत ताटकळतील म्हणाला. ती बस दोन आठवडे बंद पडली होती आणि एलवुडनं ती चालू केली होती, हे मात्र डॉक्टरला कुणी सांगितलं नाही. डॉक्टरीणबाईंनी स्मरणशक्ती तपासायला त्याला घड्याळाचं चित्र काढायला लावलं, पाच शब्द लक्षात ठेवायला लावले, आणि शेवटी मेलनीला सांगितलं, गाडीची किल्ली काढून घ्या आणि घरातल्या बंदुका हलवा. पेनसिल्व्हेनियाच्या आमच्या डोंगरात या दोन गोष्टी काढून घेतल्या तर पुरुषाकडे गुडघेदुखी तेवढी उरते.

ब्रेंट परत खाली आला. कपाटात आता एकच लाकडी पेटी होती. तिच्यात एलवुडचं पॉइंट टू-टूचं, म्हणजे सगळ्यात बारक्या गोळीचं, पिस्तूल. मुठीचं लाकूड त्याच्या तळव्याच्या आकाराचं झिजलेलं.

मेलनी म्हणाली, "तेही घे."

"ते राहू दे गं," ब्रेंट म्हणाला. त्याचा आवाज मऊ झाला होता. ब्रेंट वाईट माणूस नाही. रस्त्यांना डांबर घालणाऱ्या टोळीचा मुकादम आहे, त्यामुळे आवाज मोठा, एवढंच. "ते खेळणं आहे. कागदाला भोकं पाडायचं. मंगळवारी क्लबात जातील, मन रमेल. पॉप, खेळणंच आहे ना ते?" त्यानं सासऱ्याला विचारलं.

मी कप खाली ठेवला. आता फटाका फुटणार, अशी माझी खात्री होती. कारण गेली कित्येक वर्षं थँक्सगिव्हिंगच्या सणाला टर्कीच्या ताटाभोवती या दोघांचं याच एका गोष्टीवरून वाजत आलं होतं. ब्रेंट म्हणायचा, सराव करायचा तर जे कमरेला लावतो त्यानंच करावा, नाइन एमएमच्या मोठ्या पिस्तुलानं. टू-टूची गोळी सुटताना हाताला धक्काच नाही, मग त्यातून शिकणार काय? माणूस अंगावर धावून आला तर त्याला काय गुदगुल्या करणार? आणि एलवुड हातातला काटा खाली ठेवून म्हणायचा, मोठं पिस्तूल तुमच्या चुका आवाजात लपवतं. टू-टू चुगली करतं. तुझा हात कुठं हलला, श्वास कधी सुटला, सगळं कागदावर मांडून ठेवतं. आणि त्याला खेळणं म्हणायचं नाही. खेळण्यानं माणूस मरत नाही.

त्या शनिवारी एलवुडनं तोंड उघडलं. माझ्याकडे पाहिलं. मग पेटीकडे पाहिलं. आणि मूग गिळून बसला.

"नॉर्म, तुम्ही सांगा," मेलनी म्हणाली. "मला यातलं काही कळत नाही. खरंच खेळणं आहे का?"

कपाटाच्या वरच्या फळीवर, रंगाच्या डब्यांमागे, टू-टूच्या गोळ्यांचा एक खोका होता. पाचशे गोळ्यांचा. मला बसल्या जागेवरून दिसत होता. मोठ्या बंदुकांच्या गोळ्या ब्रेंटनं आधीच नेल्या होत्या. या बारक्या गोळ्यांकडे कुणी पाहिलंच नव्हतं.

"कागदापुरतंच आहे," मी म्हणालो.

असं का म्हणालो, हे त्या रात्री बायकोला सांगताना माझी तीन वेगवेगळी उत्तरं झाली आणि तिन्ही मला पटली. पटली म्हणूनच मी जास्त गोंधळलो.

मंगळवारी ब्रेंटच्याच ट्रकमधून आम्ही तिघं स्टोनी हॉलो नेमबाजी क्लबला निघालो. मेलनीनं त्याला मुद्दाम पाठवलं होतं, नीट बघून ये म्हणून. वाटेत एलवुडनं खिडकीची काच बाहीनं पुसली. मग एकदम म्हणाला, "नॉर्म, शनिवारी मी काय बोललो?"

"काहीच नाही."

"तेच म्हणतोय मी," तो म्हणाला, आणि खिडकीबाहेर बघत राहिला.

आमचा मंगळवार म्हणजे फार मोठं प्रकरण नाही. क्लबच्या तळघरात आठ जागा, पन्नास फुटांवर टार्गेट, हिवाळाभर टू-टूचे सामने. पिस्तूल एका हातानं धरायचं, दुसरा हात खिशात. हाताशी एक चाक असतं, ते फिरवलं की टार्गेट तारेवरून सरकत आपल्यापुढं येतं. गेली सत्तावीस वर्षं चौथी जागा माझी आणि पाचवी एलवुडची. गोळ्या झाडायच्या रेषेवर हुकूम अर्लीन शट या बाईचा. शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म काढल्यामुळे तिच्या आवाजाला माइक लागत नाही. सामन्याआधी अर्धा तास ज्याला जे झाडायचं ते झाडू देतात, आणि सामन्यानंतर अर्लीनचं घेवड्याचं आणि हॅमचं सूप असतं. खरं सांगायचं तर निम्मे लोक सुपासाठीच येतात.

त्या अर्ध्या तासात ब्रेंटनं आपलं नाइन एमएम काढलं. धडाधड दहा गोळ्या. टार्गेट जवळ आणलं तर सगळी भोकं खाली डावीकडे, एखाद्यानं कोपऱ्यात कचरा लोटावा तशी.

"नेमाची पट्टी सरकलीये," ब्रेंट म्हणाला.

"पट्टी जागेवर आहे. तू सरकलायस," एलवुड म्हणाला. "गोळ्यांचं मॅगझिन आण इकडे."

आणि तो अचानक जुना एलवुड झाला. मी त्याला असा कितीतरी दिवसांत पाहिला नव्हता. पाठमोरा होऊन त्यानं ब्रेंटचं मॅगझिन भरलं आणि गोळ्यांमध्ये एक खोटी, न सुटणारी, सरकवली. क्लबात असल्या खोट्या गोळ्यांची एक बरणीच आहे. सत्तावीस वर्षांपूर्वी त्यानं माझीही फजिती अशीच केली होती. ब्रेंटनं दोन झाडल्या, तिसऱ्याला खटका ओढला. आवाज आला नाही, धक्का बसला नाही, पण पिस्तुलाची नळी मात्र बदकानं पाण्यात डोकं बुडवावं तशी खाली गेली. पिस्तूल नव्हे, ब्रेंटच दचकला होता, आणि तोही गोळी सुटायच्या आधीच.

मागच्या बाकावरून हसणं ऐकू आलं. "डांबर घट्ट झालं वाटतं!" कुणीतरी ओरडलं. ब्रेंटचे कान लाल झाले.

"हसू नका रे. सगळे दचकतात," एलवुड म्हणाला. त्यानं आपलं टू-टू ब्रेंटच्या हातात दिलं. "आता हे. आवाजाची वाट बघू नकोस. कधी सुटेल ते तुला कळताच कामा नये. बोट मागे येतंय, येतंय, बस."

ब्रेंटनं वीस गोळ्या झाडल्या. पहिल्या पाचांत नळी बुडत होती, टू-टूनंसुद्धा! मग बुडायची थांबली. एलवुड त्याच्या खांद्यामागे उभा राहून काही बोलत नव्हता, नुसता त्याच्या लयीत श्वास घेत होता. मग म्हणाला, "आता तुझं बाळ उचल." ब्रेंटनं नाइन एमएमनं पाच झाडल्या. तीन काळ्या वर्तुळात.

ब्रेंट टार्गेट हातात घेऊन बघतच राहिला. "पण याला धक्काच नाही. मग यानं ते कसं सुधारलं?"

"धक्का नाही म्हणूनच," एलवुड म्हणाला. "धक्का असता तर तू त्याच्याशीच भांडत बसला असतास, आजवर बसलास तसा."

मला वाटलं, डॉक्टरीणबाईंना इथं आणायला हवं होतं. घड्याळाचं चित्र कसलं काढायला लावता? हे बघा. इतका आनंद झाला मला, की आपण शनिवारी खोटं बोललो ते बरंच केलं, असंही मनात येऊन गेलं.

मग सामना सुरू झाला. पहिला डाव सावकाशीचा: दहा मिनिटांत दहा गोळ्या, पाच-पाच भरून. डाव संपला, आम्ही चाकं फिरवली. आमच्याकडे आपलं टार्गेट आपण मोजत नाही. शेजाऱ्याचं मोजायचं. त्यामुळे माझं एलवुडकडे गेलं आणि त्याचं माझ्याकडे आलं.

त्याच्यावर नऊ भोकं होती. मी दोनदा मोजली. त्याची एक गोळी माझ्या टार्गेटवर गेली होती. नवख्यांच्या हातून असं होतं; समोर आठ कागद एकसारखे असतात, नजर एका घरात आणि हात शेजारच्या घरात. पण एलवुडच्या हातून एवढ्या वर्षांत कधी नाही. मी पेन्सिल घेतली आणि लिहिलं, दहा. एका भोकातून दोन गेल्या, असं कुणी विचारलं तर सांगणार होतो.

एलवुड माझं टार्गेट डोळ्यांजवळ धरून मोजत होता. ओठ हलत होते. पुन्हा पहिल्यापासून.

"नॉर्म, तू अकरा झाडल्यास?"

"हो. भरताना चुकलो."

"पाचाच्या मॅगझिनात सहा कशा भरल्यास?"

मी पेन्सिल खिशात घातली. त्यानं माझ्या हातातून आपलं टार्गेट काढून घेतलं, पाहिलं, मी लिहिलेला आकडा पाहिला. रागावला असता तर बरं झालं असतं. तो नुसताच माझ्या तोंडाकडे बघत राहिला, रस्ता चुकलेला माणूस पाटीकडे बघतो तसा. तेवढ्यात अर्लीन ओरडली, "दुसरा डाव! पाच गोळ्या, वीस सेकंद! भरा!"

सगळ्यांनी भरलं. एलवुडनंही भरलं. खोली शांत झाली. आणि एलवुड पिस्तुलासकट मागं वळला.

"बाहेर किती थंडी आहे रे?" त्यानं विचारलं. "सातच्या आत सगळ्या बस चालू व्हायला हव्यात."

मागच्या बाकावर ब्रेंट बसला होता. नळी त्याच्या पोटाकडे होती, हातभर अंतरावर. ब्रेंट हलला नाही. त्याचे दोन्ही हात मांडीवर उताणे पडले होते. त्या नळीचं तोंड किती लहान असतं ते मला ठाऊक आहे, रोज पाहतो. त्या क्षणी ते मला विहिरीएवढं दिसलं.

"एलवुड, राजा, नळी पुढे," अर्लीन म्हणाली. मुलाला ताट सरळ धर म्हणावं इतक्या साध्या आवाजात.

तो पुढं वळला. मॅगझिन काढलं, वरचा भाग मागं ओढून अडकवला, आतली गोळी टेबलावर ठेवली, पिस्तूल ठेवलं, दोन पावलं मागं आला. एकही पायरी चुकली नाही. आणि एक गोष्ट मी पाहिली होती: सगळा वेळ त्याचं बोट खटक्यावर नव्हतंच. ते नळीच्या बाजूनं सरळ ताठ होतं. डोक्यातून काय काय निघून गेलं होतं कोण जाणे, बोटातून गेलं नव्हतं.

"मला सूप हवंय," एलवुड म्हणाला.

दुसरा डाव सोडून आम्ही सूप प्यायलो. अर्लीननं त्याच्या वाडग्यात हॅमचे दोन तुकडे जास्त घातले.

परत जाताना एलवुडला पुढच्या सीटवर झोप लागली. ब्रेंट आरशातून माझ्याकडे बघत हळूच म्हणाला, "बोट बाहेर होतं ना?"

"होतं."

"म्हणजे तसं काही झालं नसतं."

"नसतं."

"मग मेलनीला उगाच कशाला..."

"उगाच," मी म्हणालो.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली होती. सांगावं, तर त्या माणसाचा शेवटचा मंगळवार आपल्या जिभेनं काढून घ्यायचा. न सांगावं, तर पुढच्या मंगळवारी बाकावर कोण बसलेलं असेल? आणि अर्ध्या तासात जावयाचा हात सरळ करणारा आणि जावयावरच नळी वळवणारा, हे दोन एलवुड एकाच कोटात कसे मावतात, ते तर मला आजही उमगलेलं नाही.

बुधवारी माझं दुकान बंद असतं. सकाळीच मेलनीचा फोन आला. "डॅडनं तुम्हाला बोलावलंय. का ते सांगत नाही."

गेलो. ती एलवुडच्या स्वयंपाकघरात तव्यावर स्क्रॅपलच्या, म्हणजे मांस आणि मक्याच्या पिठाच्या, वड्या परतत होती. ब्रेंट टेबलाशी बसला होता, कामावर गेला नव्हता. तळघराच्या जिन्यावर पावलं वाजली आणि एलवुड वर आला. एका काखेत लाकडी पेटी, दुसऱ्या काखेत गोळ्यांचा तो खोका. दोन्ही टेबलावर ठेवून तो बसला.

"नॉर्म, काल काय झालं ते सांग. मला अर्धंच आठवतं. हा ब्रेंट काल रात्रीपासून माझ्याशी फार गोड बोलतोय, म्हणजे काहीतरी झालंय. आणि हे बघ, दुकानात खोटं बोलतोस ते बोल, टकल्यांना केस दाट आहेत म्हणतोस ते म्हण. इथं नको."

मी ब्रेंटकडे पाहिलं. ब्रेंटनं मान खाली घातली. मग मी सांगितलं. नऊ भोकं, अकरा भोकं, मी लिहिलेला खोटा आकडा, आणि नळी. बोट बाहेर होतं, हेही सांगितलं, दोनदा.

मेलनीनं गॅस बंद केला. "तू मला सांगणार होतास?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"अगं, टू-टूच होतं..." ब्रेंट म्हणाला, आणि तिथंच अडकला.

"बरोबर," एलवुड म्हणाला. "टू-टूच होतं, म्हणून दोघं गप्प बसलात. नाइन एमएम असतं तर रात्रीच्या रात्री मेलनीला उठवून सांगितलं असतंत. लहान आहे म्हणून शिकायला बरं, म्हणतो ना मी? ते खरंच आहे. पण लहान आहे म्हणून निर्धास्त राहा, असं मी कधी म्हटलं नाही. त्याच्यामुळे माणूस मरतो, ब्रेंट. तुझ्यासारखा आडदांडसुद्धा."

"मग शनिवारी का नाही बोललास, डॅड?" मेलनीचा आवाज फुटला होता. "मी विचारत होते!"

एलवुडनं पेटीवर हात ठेवला. "बोललो असतो तर नेलं असतंस. हवं होतं मला ते."

मला रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही.

त्यानं पेटी उघडली. पिस्तुलाची नळी कुणीच नव्हतं त्या भिंतीकडे केली, मॅगझिन काढून बाजूला ठेवलं, वरचा भाग मागं ओढून अडकवला, आणि उघडं पिस्तूल मेलनीपुढं सरकवलं.

"बघ."

"बघितलं, डॅड. रिकामं आहे."

"मी दाखवलं म्हणून मानायचं नाही. डोळ्यांनी पाहिलं म्हणूनही नाही. करंगळी घाल. गोळी बसते तिथं."

तिनं हात पुसले आणि करंगळी आत घातली. टू-टूची जागा एवढीशी असते की करंगळीसुद्धा आत जात नाही. नुसती बोटाच्या टोकाला गोल कड लागते.

"कड लागली? मधे पोकळ आहे? मग मोठ्यानं म्हण."

"रिकामं आहे," मेलनी म्हणाली.

त्यानं मान हलवली. मेलनीनं पिस्तूल पेटीत ठेवलं, पेटी खोक्यासकट ट्रकमध्ये ठेवायला ब्रेंट उठला. पण एलवुड म्हणाला, आधी खाऊन घ्या, गार होतंय. स्क्रॅपल कधीच गार झालं होतं. आम्ही खाल्लं. त्यानं आपल्या वडीवर पाक ओतला, माझ्या कॉफीत दूध कमी आहे म्हणाला, दुकानातली मधली खुर्ची करकरते ती एकदा बघून देईन म्हणाला.

मग त्याची नजर पेटीवर गेली. "मेलनी, ते रिकामं आहे का? तू स्वतः पाहिलंस?"

मेलनीनं माझ्याकडे पाहिलं. मग काटा ठेवला, पेटी उघडली, पिस्तूल भिंतीकडे वळवलं, वरचा भाग मागं ओढला, करंगळी घातली. "रिकामं आहे, डॅड."

"छान. असंच करायचं."

ब्रेंटनं दुसऱ्यांदा कॉफी ओतली तेव्हा एलवुडनं पुन्हा विचारलं. तिसऱ्या वेळीही मेलनीनं नुसतं हो म्हटलं नाही. उठली, पेटी उघडली, आणि करंगळी घालून पाहिलं.